चढवलेली रेस

नमितानं गिअरची दांडी 'डी'वर टाकली आणि गाडी तिच्या पायाची वाट न बघता निघाली.

नेरूळ स्टेशनजवळचा बाजार, मासळीवाल्या बसतात तो कोपरा. समोर रंगूबाईची पाटी, पाटीत बोंबील, पाटीमागं रंगूबाई. नमितानं ब्रेकवरचा पाय उचललाही नव्हता, नुसता सैल केला होता. तेवढ्यावर गाडीनं दावं तोडलेल्या रेड्यासारखी मुसंडी मारली. पाटी चेपली, बोंबील चाकाखाली गेले, रंगूबाईनं हात मागं ओढला. नमितानं सगळा जीव उजव्या पायात आणून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा चाक आणि रंगूबाईचा गुडघा यांच्यात वीतभर जागा उरली होती.

अशा वेळी माणसं कुठून उगवतात कोण जाणे. एकानं खिडकीतून डोकं आत घातलं, नमिताच्या डाव्या पायातलं लोखंडी कॅलिपर बघितलं आणि निकाल देऊन टाकला. "अरे पाय बघ हिचा. लंगडी आहे."

झालं. पुढं कुणाला काही तपासायची गरज उरली नाही. डावा पाय पोलिओनं गेलेला खरा, पण या गाडीत डाव्या पायाला कामच नव्हतं. क्लच नाही. पेडल दोनच, दोन्ही उजव्या पायाची. हे कुणाला सांगायचं? जी माणसं तिला रोज रस्ता ओलांडताना बघून च्च च्च करायची, तीच आता गाडीच्या टपावर थापा मारत होती. लंगडीची कीव करायला सगळे तयार. तिनं चाकामागं बसलेलं मात्र खपत नाही.

रंगूबाई उठली. करावे गावचीच, नमिताला पाळण्यात बघितलेली. तिनं शिवी दिली नाही. आधी पाटीकडं बघितलं, मग नमिताकडं.

"काय गो नमे, पाय तुजा घसारला का गारीचा?"

 नमिताला खरोखर माहीत नव्हतं.

*

गाडी मामानं दिलेली. मामा सिंगापूरच्या गोदीत कामाला होता. कायमचा परत आला तेव्हा त्यानं आपली जुनी छोटी जपानी गाडी बोटीवर चढवून आणली, आणि पुढं कागद सरळ भाचीच्या नावावर केले. टपाचा रंग उडालेला, एक दार दुसऱ्याच गाडीचं वाटावं असं. पण गाडी धडधाकट.

"हिला गिअर टाकायचे नाहीत," मामानं तिला समजावलं होतं. "पिठाच्या गिरणीचा पट्टा बघितलायस ना? तसंच. आत दोन चाकं, त्यांच्यावर पोलादी पट्टा. एक चाक फुगतं तसं दुसरं आकसतं. पहिला, दुसरा, तिसरा असे टप्पेच नाहीत. आणि क्लच तिचा तीच धरते, इंजिनची रेस वाढली की. तू फक्त दाबायचं आणि सोडायचं."

नमिताचं लायसन्सही तेवढ्यापुरतंच होतं, बिनक्लचच्या गाडीपुरतं. तेवढ्यावर ती रोज पहाटे वाशीच्या लॅबमध्ये पोचायची. तिथं उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं बाकावर बसलेली असत, आणि त्यांच्या दंडाला रबर बांधायला ती वेळेवर हजर असे. हे वेळेवर हजर असणं म्हणजे काय, ते ज्याला दोन पाय आहेत त्याला कळायचं नाही.

कारण गाडीच्या आधी रूपेशची फटफटी होती. रूपेश तिचा मोठा भाऊ. बापाची जमीन शहराखाली गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली, आणि शेतात कधी पाऊल न टाकलेला रूपेश एकदम मालक झाला. पांढरे बूट, गळ्यात जाड चेन. फटफटीवर मागं बसायचं म्हणजे आधी रूपेशची झोप, मग रूपेशचा चहा, मग त्याच्या साइटवरचं भांडण, आणि त्यातून काही उरलंच तर नमिताची नोकरी. किती वेळा ती करावे गावच्या नाक्यावर कॅलिपर आवळून उभी राहिली आणि तो आलाच नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणायचा, "अरे, डोक्यातून गेलं."

बाजारातली गोष्ट घरी तिच्या आधी पोचली होती.

"बस झालं," रूपेश म्हणाला. "मी पहिल्यापासून बोलतोय, ही गाडी खटारा आहे. मी स्वतः चालवून बघितली. दाबली की इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी उठतच नाही. आतली क्लचची प्लेट घसरते. आणि थांबवायला जावं तर पुढं पळते. घसरते पण, पळते पण. शहाजी मिस्त्रीशी बोललोय मी. त्याच्याकडे ठोकलेल्या गाडीचा गिअरबॉक्स आलाय. साधा. चार गिअर, क्लच. उद्या बसवून टाकतो."

"मग मी कशी चालवायची, दादा?"

"तू कशाला चालवायची? मी सोडतो ना तुला."

तो हे इतक्या सहज म्हणाला की नमिताला हसू यायला हवं होतं. तिनं आईकडं बघितलं. आई भाकरी थापत होती, थापता थापता म्हणाली, "तो काय तुज्या वाईटाला बोलतो का? रंगूबायचा हात गेला असता तं?"

हेच नमिताच्या मनातून जात नव्हतं. हात गेला असता. आणि पाय तिचाच असेल तर? रूपेशच्या तोंडावर ती पाहिजे तेवढं बोलली असती, पण चाक आणि गुडघ्यातली ती वीतभर जागा तिला बोलू देईना. तिनं किल्ली काढून टेबलावर ठेवली.

*

सकाळी गाडी रूपेशनं चालवली. नमिता बाजूला बसली. आई म्हणाली होती, तू कशाला जातेस. तिनं ऐकलं नाही. आपला पाय कापायचा असेल तर माणूस निदान बघायला तरी हजर राहतो.

तुर्भ्याच्या रस्त्यावर ट्रकांची रांग होती. मोकळी जागा दिसली की रूपेश पेडल जमिनीला टेकवायचा. इंजिन एकदम चढायचं आणि एका सुरावर अडकायचं. "बघ, बघ," तो ओरडायचा, "घसरतेय." आणि वैतागून पाय काढायचा. आवाज पडायचा, गाडी मरगळायची. तो पुन्हा दाबायचा. पुन्हा तोच सूर, पुन्हा शिवी.

नमितानं डोळे मिटले. डोळे मिटल्यावर तो आवाज गाडीचा राहिना.

तो होडीचा होता. बाबा असताना त्यांच्या होडीला मशीन बसवलेलं होतं, आणि लहानपणी खाडीत न्यायचे ते नमितालाच. रूपेशला चिखलाची किळस यायची. होडीत कुणी पाय मोजत नव्हतं, सगळेच बसलेले. मशीन चढवलं की आवाज आधी वर जाऊन थांबायचा, होडी मात्र जागच्या जागी, आणि मग हळूहळू पाणी मागं सरकायला लागायचं. आवाज तोच, वेग वाढत जायचा. एकदा तिनं मशीनचा दांडा हातात घेतला, होडी लगेच हलेना म्हणून घाबरून सोडून दिला. बाबा म्हणाले, "सोरू नको. पानी पकरूं दे तिला."

"दादा, पाय काढू नको," ती डोळे मिटूनच म्हणाली. "दाबून ठेव जरा."

"गप ए. मला शिकवू नको."

पण एवढं तिला पटलं होतं. घसरणं म्हणतात ते घसरणं नव्हतंच. गाडी पहिल्या दिवसापासून अशीच बोलत होती. टप्पे नसलेल्या गाडीचा आवाज टप्प्यांनी कसा चढेल? गिअरवाल्या गाडीत कान तयार झालेल्या माणसाला ते घसरल्यासारखं वाटणारच.

मात्र बाजारातली मुसंडी यात बसत नव्हती. होडीसुद्धा न सांगता धक्क्यावर चढत नाही.

*

शहाजीचं गॅरेज कारखान्यांच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये. माणूस साताऱ्याकडचा, हात चांगला, आणि हात चांगला आहे हे त्याला जरा जास्तच माहीत. शेडमध्ये गोणपाटावर तो गिअरबॉक्स ठेवला होता, खाटकाकडं मुंडी ठेवतात तसा, तोंड दाराकडं करून.

"या रूपेशशेठ. ताई बी आल्या व्हय? बसा की. चा सांगतो."

"चहा नको," नमिता म्हणाली. "मागच्या खेपेला ट्युनिंगला गाडी दिली होती, तेव्हा काय काय केलंत?"

"काय बी न्हाई. पलग साफ केलं, कार्बोरेटर धुतला, रेस चढवून दिली."

"रेस?"

"तुमीच म्हनला हुता न्हवं, एसी लावला की सिग्नलला बंद पडती म्हनून? मग दिली चढवून. आता बंद पडायची टापच न्हाई."

आता इथं जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. तुर्भ्याच्या गॅरेजात गेलेली कुठलीही गाडी रेस चढवून घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. रिक्षा असो, टेम्पो असो, टॅक्सी असो. गिऱ्हाईक म्हणतं, बंद पडते. मिस्त्री बॉनेट उघडतो, कार्बोरेटरचा बारका स्क्रू आवळतो, पाय न लावताही इंजिन डरकाळ्या फोडायला लागतं, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. रोग कुठं आहे ते कोण बघतं? आवाज वाढला की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं. आपल्याकडं निवडणुकाही अशाच ट्यून होतात. पण साध्या गाडीत ते खपून जातं. क्लच दाबलेला असला की इंजिननं कितीही बोंब मारली तरी चाकाला काय कळतंय? थोडं पेट्रोल जास्त जळतं, एवढंच.

आणि या गाडीत क्लच दाबणारा पाय नाही. क्लच तिचा तीच धरते. कशानं? रेस वाढली की.

नमितानं मनात दिवस मोजले.

"ट्युनिंगहून गाडी नेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी रंगूबाईच्या पाटीवर चढले," ती म्हणाली.

"आता त्येला म्या काय करू, ताई?" शहाजी हसला. "ब्रेकवर पाय नसंल पडला. हुतंय. तुमच्या पायाचं आपल्याला म्हाईत हायच की."

 बहिणीच्या पायावर परका माणूस बोलला आणि रूपेश चेनशी चाळा करत उभा राहिला. हे तिनं मनात नोंदवून ठेवलं.

"किल्ली दे," ती म्हणाली.

"कशाला?"

"काय मोडणार आहे आता? मोडायलाच आणली आहेस ना? दे."

ती चाकामागं बसली. कॅलिपर हातानं उचलून आत घेतलं. इंजिन चालू केलं. ते पाय न लावताच आरडायला लागलं. उजवा पाय ब्रेकवर ठेवून तिनं दांडी 'डी'वर टाकली. गाडीचं नाक खाली दबलं. बॉनेट थरथरायला लागलं. तिनं एक्सिलरेटरला पाय लावलेला नव्हता आणि गाडी तिच्या पायाखाली ओढ घेत होती.

समोर शहाजी उभा, हातात पान्हा.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "मी ब्रेक जरासा सैल करणार आहे."

"करा की."

"शहाजीभाऊ, बाजूला व्हा."

"ताई, एवढ्या गाड्या बघितल्यात म्या. तुमी करा."

तिनं पाय सैल केला. नुसता सैल, बाजारात केला होता तेवढाच.

शहाजीनं उडी मारली ती थेट लाकडी बाकड्यावर. पान्हा कुठं गेला, त्यालाच कळलं नाही. गाडीचा बंपर बाकड्याला टेकला आणि थांबला, कारण नमितानं ब्रेक पुन्हा दाबला होता, पाय तिथून कधी निघालाच नव्हता.

"मारतेस का त्याला?" रूपेश ओरडला.

"आता सांगा," ती शहाजीला म्हणाली. "पाय कुणाचा होता?"

बाकड्यावर उभा असलेला माणूस फार हुशार दिसू शकत नाही. शहाजी खाली उतरला. तोंड उतरलं होतं, पण तो पळपुटा नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं तिला न्यूट्रलला घ्यायला लावलं, बॉनेट उघडलं आणि स्क्रू सोडवत नेला. इंजिन खाली आलं, आणखी खाली आलं, पुटपुटायला लागलं. तिनं पुन्हा 'डी'वर टाकून ब्रेक सैल केला. गाडी मुंगीच्या पावलानं पुढं सरकली. मामानं आणली तेव्हा सरकायची तशी.

नमितानं डोळे पुसले नाहीत, कारण रूपेश बघत होता.

"आता एसी लावा," शहाजी म्हणाला. लावला. इंजिन दोनदा आचकलं आणि मेलं. "बगा. म्हनून चढवली हुती. आता सांगा, म्या काय करायचं?"

"पुन्हा चालू करते. ऐकून बघा कुठं काय."

या खेपेला तो ऐकायला वाकला. कान इंजिनाशी नेऊन बराच वेळ तसाच राहिला. मग हात खाली घातला, कुठंतरी मागं, आणि एक काळी रबरी नळी ओढून वर काढली. टोकाला चिरलेली. "फुस करतंय हितनं. आन हे डबडं कशाचं हाय?" नळी एका चपट्या गोल डबीला जात होती. एसी लावला की इंजिनला तेवढ्यापुरता हात देणारी डबी. नळी फाटल्यामुळं तिला दमच मिळत नव्हता. "आयला. आपल्याकडच्या गाडीत हे नसतंयच. मला वाटलं, धुराचं काय तरी फॉरेनचं असंल."

चिरलेलं टोक त्यानं कापून टाकलं आणि उरलेली नळी पुन्हा बसवली. एसी लावल्यावर इंजिन जरा दबलं, मग स्वतःच सावरलं, आणि हलक्या आवाजात चालत राहिलं.

 आता रूपेश बोलला.

"पळायचं थांबलं. घसरते त्याचं काय?"

"घसरत नाही ती, दादा."

"तू मिस्त्री आहेस का?"

शहाजी हात पुसत दोघांकडं बघत राहिला. "एक करू. पारसिकच्या टेकडीवर घ्या गाडी. प्लेट घसरत असंल तर चढाला जळती आन वास सुटतो. त्यो वास लपत न्हाई. वास आला, तर माझा बॉक्स बसवायचा. न्हाई आला, तर न्हाई."

"चालेल," रूपेश म्हणाला. "पण चालवणार ही. कळू दे हिलाच."

*

बेलापूरच्या बाजूनं टेकडीवर रस्ता चढतो. वर श्रीमंतांचे बंगले बांधायला काढले होते, त्यामुळं खडी-रेतीचे डंपर दिवसभर वर-खाली. रूपेश पुढं नमिताच्या बाजूला बसला, शहाजी मागं.

 पहिल्या वळणानंतर रस्ता उभा चढायला लागला. नमितानं पेडल दाबलं. इंजिन चढलं, एका सुरावर जाऊन थांबलं, गाडीचा वेग मात्र पडत गेला. आरशात डंपर दिसला. खडीनं भरलेला, त्यांच्या मागं लागूनच, आरसाभर.

"घसरली," रूपेश म्हणाला. "बघ, घसरली. शहाजी, बघतोस ना? पाय काढ नमे."

तिनं काढला नाही.

"पाय काढ. जळेल सगळं आत. काढ म्हणतो ना."

काढला असता तर गाडी मेली असती आणि डंपरच्या तोंडात गेली असती. हे रूपेशला कळत नव्हतं असं नाही. त्याला एवढंच पाहिजे होतं की तिनं त्याचं ऐकावं, मग मागून डंपर येवो नाहीतर काहीही.  तोच सूर, वर नाही, खाली नाही, कानठळ्या बसवणारा. ती मनात म्हणत राहिली, पाणी पकडू दे. पकडू दे तिला.

आणि पकडलं. आवाज तोच राहिला आणि कडेचे खांब एकेक करून जरा लवकर मागं जायला लागले.

तेवढ्यात वरून पाण्याचा टँकर उतरला, अर्धा रस्ता खाऊन. नमिताला थांबावं लागलं. चढावर, मध्येच. मागं डंपरचा हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. टँकर कडेनं घासत गेला.

आता निघायचं होतं. पाय एकच. ब्रेकवरून उचलला तर एक्सिलरेटरपर्यंत पोचेपर्यंत गाडी मागं जाणार. तिनं हँडब्रेक ओढला. त्यावर तिचा हात असतानाच रूपेशचा हात तिच्या हातावर पडला.

"उतर," तो म्हणाला. "मी घेतो. मारशील आम्हाला."

"हात काढ."

"नमे, उतर खाली."

"दादा, मागं डंपर आहे. हात काढ, नाहीतर तुझ्यासकट जाऊ खाली."

मागून शहाजी हळूच म्हणाला, "शेठ, काढा हात."

हात निघाला. नमितानं पाय ब्रेकवरून एक्सिलरेटरवर नेला. हँडब्रेकनं गाडी धरून ठेवली होती. तिनं हळूहळू दाबलं. इंजिन चढलं. गाडी हलली नाही. तिनं वाट बघितली. हॉर्न, रूपेशचा श्वास, घामानं निसटणारी हँडब्रेकची मूठ. मग गाडीचा मागचा भाग जरासा बसला, उडी घेण्याआधी मांजर बसतं तेवढाच, आणि तिनं हँडब्रेक सोडला.

गाडी एक बोटभरसुद्धा मागं गेली नाही.

वर पोचल्यावर तिनं रस्त्याच्या कडेला सपाट जागा बघून गाडी थांबवली. डंपर हॉर्न मारत पुढं निघून गेला. शहाजी उतरला, बॉनेट उघडलं, वाकला. मग चक्क रस्त्यावर गुडघे टेकून त्यानं गाडीखाली नाक नेलं. रूपेशही उतरला आणि त्याच्या डोक्याशी उभा राहिला.

"वास न्हाई," शहाजी खालूनच म्हणाला.

"नीट बघ."

"शेठ, नाक हाय माझं. गरम तेलाचा हाय, तेवढाच. जळका वास न्हाई."

"तरी बसव."

शहाजी उठला. गुडघे झटकत राहिला.

"मी सांगतोय ना, बसव. उद्या कुणाला उडवलं तर नाव कुणाचं जाणार? लोक बाबांचं नाव घेऊन काय बोलतात माहितीय? शिवाची लंगडी पोरगी गावातून गाडी उडवत जाते. परवा एक स्थळ आलं होतं हिला, पोराच्या काकानं पहिला प्रश्न काय विचारला? की गाडी कुठं कुठं घेऊन जाते. झक मारली आणि मामाला ही अवदसा आणू दिली." त्यानं टपावर हात मारला. "बसव म्हणजे बसव."

म्हणजे घसरत कधी काहीच नव्हतं. नमिता चाकामागं बसून ऐकत होती, काच खाली होती. एवढ्या वेळात कुणी रंगूबाईच्या हाताचं नाव घेतलं नाही. तिनं शहाजीकडं बघितलं. पैज त्यानंच लावली होती.

शहाजीनं रूपेशकडं बघितलं, मग दरीकडं बघितलं. रूपेशच्या साइटवरचे टेम्पो त्याच्याकडंच येत. "तुमी घरात मिटवा," तो म्हणाला. "मग गाडी आना. आपलं काय न्हाई."

चांगल्या हाताच्या माणसाची जीभ ऐन वेळी अशीच लुळी पडते. मुंगीच्या पावलानं चालणारी गाडी त्यानंच मिळवून दिली होती, आणि आता ती नमिताचीच आहे, हे सांगायची त्याची छाती नव्हती.

नमितानं दांडी 'डी'वर टाकली. गाडीनं ओढ घेतली नाही. नमिता काय म्हणते याची वाट बघत उभी राहिली.

"कुठं निघालीस?" रूपेश म्हणाला. "थांब, बसू दे आम्हाला."

"चालत या," ती म्हणाली. "तुमचे तर दोन्ही पाय चांगले आहेत."

आरशात रूपेश काही पावलं पळाला, पांढऱ्या बुटांनी धूळ उडवत. मग थांबला. शहाजी जागचा हलला नव्हता. त्यानं खिशातून तंबाखूची पुडी काढलेली दिसली.

*

ती उतार उतरली. घरी गेल्यावर काय होणार, ते तिला माहीत होतं: आरडाओरडा, आईचं रडणं, कदाचित रात्रीतून गाडीची हवा सोडलेली. कागद तिच्या नावावर होते आणि किल्ली तिच्या हातात. बाकीचं घरी.

ती घरी न जाता नेरूळला वळली.

बाजारात तोच कोपरा. रंगूबाईनं नवी पाटी आणली होती. गाडी बघितल्याबरोबर तिनं एका हातानं पाटी मागं ओढली, दुसऱ्या हातानं पदर आवरला आणि उठण्याच्या तयारीत अर्धी उभी राहिली. बाजूच्या मासळीवाल्यांनीही पाट्या ओढल्या.

नमितानं गाडी पाटीसमोर आणून थांबवली. दांडी 'डी'वरच ठेवली. एसी चालू ठेवला. मग ब्रेकवरचा पाय सैल केला, काल केला होता तेवढाच, आणि बघत राहिली. इंजिन हलक्या आवाजात बोलत होतं. गाडी बोटभर सरकली. तिनं पाय टेकवला. थांबली.

रंगूबाईनं चाकाकडं बघितलं.  मग ती खाली बसली.

"गारीचा होता, रंगूबाय," नमिता खिडकीतून म्हणाली. "पाय गारीचा होता."

"ता मना काय सांगतेस? गावाला सांग." रंगूबाईनं बोंबलांवरची माशी उडवली. "आन जरा मागं घे गो ती. गिऱ्हाईक उभा ऱ्हात नाय मंग माज्याकं."

नमितानं दांडी मागं टाकली. गाडी मुंगीच्या पावलानं मागं गेली, रंगूबाई हातानं खूण करत राहिली, अजून, अजून, बस. मग तिनं पाटी पुढं ढकलली, होती त्या जागी, चाकापासून हातभर अंतरावर, आणि आल्या गिऱ्हाइकाला भाव सांगायला लागली.